तीन नंबरची हजेरी

पन्नासावा वाढदिवस कुठं करायचा, असं विचारल्यावर मास्तरीण म्हणाली, "बेटावर. तीन दिवस सुट्टी आहेच." तिचा चाळिसावा आम्ही तिथंच केला होता आणि परतायच्या दिवशी तिचा नवरा, आमचा लंबू, बेटाभोवतालच्या तळ्यात बुडाला होता.

मास्तरीण शाळेत कवायत शिकवते. त्यामुळं मोजल्याशिवाय आमची वरात कधी हललीच नाही. ती सगळ्यांत पुढं बसणार आणि "मोजा" म्हणणार. डॉक्टर एक. जनावरांचाच डॉक्टर, पण तोरा असा की विचारू नका. मी दोन, लंबू तीन आणि शेवटी ती स्वतः चार. मोजताना मागं वळून बघायचं नाही, ही तिची शिस्त. मी आवाजाचं खातो. कार्टूनमधल्या कोल्ह्यामाकडांना बोलतं करतो. लंबूचा आवाज तर मी झोपेतही काढला असता.

त्या दिवशी लंबू विसरलेला चष्मा आणायला खोलीवर पळाला आणि मला अवदसा आठवली. होडीत डॉक्टर पुढं तिच्याशेजारी, मागं मी एकटाच. मोजणी झाली तेव्हा मी लंबूच्या आवाजात "तीन" म्हणालो. येईल पुढच्या होडीनं शिव्या घालत, एवढीच गंमत होती. पण त्या शहाण्यानं होडी सुटलेली पाहिली आणि कपड्यांसकट उडी मारली. धक्क्यावरच्या तिकीटवाल्यानं पाहिलं. नंतर सगळ्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, 'दोन' म्हटलं आणि माझा डोळा लागला. नालायक माणूस मी. दहा वर्षं मी तेच सांगत आलोय.

शनिवारी संध्याकाळी केक कापून झाल्यावर ती चमचा चाटत सहज बोलल्यासारखं म्हणाली, "मी रोज निजताना मोजते. तो 'तीन' म्हणतो. मग मी 'चार' म्हणते आणि झोपते."

डॉक्टरनं मान खाली घातली.

"वेडी नाही मी. त्या दिवशी तो होडीत नव्हता तरी त्याचा आवाज आला, मी कानांनी ऐकला. पण गेला महिनाभर तो येत नाहीये. म्हणून म्हटलं, इथं येऊन बघावं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी केकचा दुसरा तुकडा घेतला.

रविवारी दुपारी ती होडीत तशीच बसली, आमच्याकडं पाठ करून. "मोजा."

"एक," डॉक्टर म्हणाला.

"दोन."

पाणी होडीच्या बुडाला डुबुक डुबुक लागत होतं. ती मान किंचित तिरकी करून ऐकत राहिली. होडीवाल्यानं दोनदा विचारलं, "निघायचं का?" शेवटी ती उठली आणि एक पाय धक्क्यावर टाकला. "तुम्ही व्हा पुढं. तो आल्याशिवाय मी नाही निघत."

"अगं, शाळा आहे तुझी उद्या," डॉक्टर म्हणाला.

"असू दे."

तिच्या आवाजात हट्ट नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो. ती खरंच तिथं राहिली असती, त्या पाण्याजवळ, एकटी. खरं सांगायला तोंड उघडलं आणि त्यातून लंबू बाहेर आला.

"तीन."

ती थांबली. मग सावकाश खाली बसली. "चार. चला."

माझा जीव भांड्यात पडला. पाणी अर्धं कापून झालं तेव्हा ती बोलली, मागं न वळता.

"आवाज जड झालाय रे तुझा. दहा वर्षांत होणारच. त्याचा कसा होईल?"

मग ती पुन्हा म्हणाली,

"त्या दिवशी पण तूच होतास."

"हो," मी म्हणालो.

डॉक्टरनं वळून माझ्याकडं पाहिलं. ती नाही वळली. तिचे खांदे हलत होते, पण रडल्याचा आवाज आला नाही. घरात रोज तिच्याशी बोलणारा एकच माणूस उरला होता, तोही मी मारला.

पलीकडच्या धक्क्यावर उतरल्यावर तिनं पिशवी खांद्याला लावली. "मोजा."

"एक," डॉक्टर पुटपुटला.

मी तोंड उघडलं.

"तीन," तिनं स्वतःच म्हटलं. "चार."

आणि ती दोघं गाडीकडं चालू लागली.