तुझ्या बाबांना सांग

“बेबी, तुझ्या बाबांना सांग, त्यांनी शर्ट उलटा घातलाय.”

बाबा आईपासून हातभर अंतरावर बसून चहात पाव बुडवत होते. बेबीनं तोंडातला घास गिळला आणि डावीकडे वळली.

“बाबा, शर्ट उलटा आहे.”

“तुझ्या आईला सांग, मला माहीत आहे. आतली बाजू जास्त स्वच्छ असते.”

बेबी उजवीकडे वळली. “आई, बाबा म्हणतात, घाईत लक्षात आलं नाही.”

आईनं मान डोलावली. बाबांनीही डोलावली. मूळ वाक्य दोघांनीही ऐकलेलं होतं आणि बेबीनं ते बदलल्याचंही दोघांना कळलं होतं, पण त्याबद्दल त्या घरात आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. निरोपातले काटे काढून निरोप पुढे द्यायचा, ही बेबीची पद्धत होती. कधी कधी ती आपल्या पदरचंही काही घालायची. “आई म्हणते, दमला असाल, आधी बसा,” हे वाक्य आई कधीही बोलली नव्हती. बाबा मात्र ते ऐकून दर वेळी बसायचे.

आईबाबांचं बोलणं बंद झालं तेव्हा बेबी दुसरीत होती. आता ती चाळिशीला आली होती आणि घरात अजून बेबीच होती. एवढ्या काळात त्या दोघांनी एकमेकांची आजारपणं काढली, एकत्र घर बदललं, एकमेकांच्या नातेवाइकांना शेवटचं पोचवलं, एकदा तर आठवडाभर सहलीलाही जाऊन आले. सगळं बेबीला मध्ये ठेवून. सहलीचे फोटो आहेत. प्रत्येक फोटोत मध्ये बेबी आहे आणि ती कुणाकडे तरी मान वळवून बोलते आहे.

भांडण कशावरून झालं, हे मात्र तिला माहीत नव्हतं. अलीकडे तिला ते जाणून घ्यायची फार ओढ लागली होती. तिनं आईला विचारलं.

“कपाटावरून,” आई म्हणाली. “मला ते खिडकीशी हवं होतं.”

तिनं बाबांना विचारलं.

“कपाट? कपाट तर नंतर घेतलं,” बाबा म्हणाले. “त्या दिवशी तुझ्या आईनं मला विचारलं, कसला विचार करताय. मी म्हणालो, कसलाच नाही. ते अगदी खरं होतं. तिला पटलं नाही.”

तिनं मावशीला फोन केला. मावशीनं आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, “अगं, मला तर वाटत होतं माझ्यामुळे झालं. म्हणून तर मी येताना दर वेळी बिस्किटं आणते.”

थोडक्यात, तीन माणसं एकाच गोष्टीवरून नव्हे, तर तीन वेगवेगळ्या गोष्टींवरून इतकी वर्षं झुरत होती, आणि त्यातल्या एकीनं तर बिस्किटंही आणली होती.

बेबीच्या या चौकशीमागे कारण होतं. ते तिनं आज चहाच्या वेळी टेबलावर ठेवायचं ठरवलं होतं. शर्टाचा विषय मिटल्यावर तिनं घसा साफ केला.

“मला लग्नाचं विचारलंय.”

चहात बुडालेला पाव तुटला आणि तळाशी गेला.

“कुणी?” दोघांनी एकदम विचारलं. एकत्र बोलल्याचं लक्षात येताच दोघं गोंधळून खाली बघायला लागले.

“लिफ्टमिस्त्री आहेत. आमच्या हॉस्पिटलची लिफ्ट बघतात. चांगले आहेत. दुसऱ्या गावात बदली झालीय. त्यांना उत्तर हवंय.”

बाबांनी चमच्यानं तळाचा पाव वर काढला. मग आई म्हणाली, “बेबी, तुझ्या बाबांना सांग, पोरगी काय म्हणतेय ते ऐकलंत का.”

“तुझ्या आईला सांग, मी बहिरा नाही.”

“बाबा म्हणतात, ऐकलं,” बेबी म्हणाली आणि डबा उचलून कामाला निघाली. जिना उतरताना तिच्या मनात नेहमीचं चित्र आलं. टेबलाच्या दोन बाजूंना ती दोघं, मधली खुर्ची रिकामी, आणि समोर गार होत चाललेलं जेवण. ‘मीठ दे’ एवढंही कुणी कुणाला म्हणू शकणार नाही. दोघं अळणी जेवतील आणि हळूहळू वाळून जातील. मिठाच्या बाटलीपर्यंत दोघांचाही हात पोचतो, हे त्या चित्रात कधी दिसायचं नाही.

*

बेबी हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. जुना बोर्ड होता. प्रत्येक लाइनला एक कळ आणि एक इवलासा पिवळा दिवा. दिवा लागला की विचारायचं, कोण हवंय. हवं ते माणूस मिळालं की दोन्ही लाइन जोडायच्या आणि आपली कळ वर करायची. हे काम तिला मोठ्या बाईंनी शिकवलं होतं. मोठ्या बाई म्हणजे एक्स्चेंजच्या प्रमुख. आयुष्यभर हेडफोन लावल्यामुळे त्यांच्या केसांत मधोमध कायमची खाच पडली होती.

“जोडून दिलं की बाजूला व्हायचं,” त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “कळ खाली ठेवली तर सगळं ऐकू येतं. ऐकायचं नाही. रडतात लोक फोनवर, खोटं बोलतात, गाणीसुद्धा म्हणतात. आपला संबंध नाही.”

बेबीनं हा नियम कधी मोडला नव्हता. हॉस्पिटलात ती दिवसभर शेकडो लोकांच्या मधून बाजूला व्हायची आणि संध्याकाळी घरी जाऊन दोघांच्या मध्ये बसायची. यात काही विसंगती आहे असं तिला वाटलं नव्हतं. नोकरी वेगळी, घर वेगळं.

लिफ्टमिस्त्रीची आणि तिची ओळख बोर्डावरच झाली. लिफ्टमध्ये संकटकाळचा फोन असतो, तो उचलला की थेट एक्स्चेंजला लागतो. मिस्त्री देखभालीला आला की तोही फोन तपासायचा.

“हॅलो, मी अडकलोय.”

“खरंच की तपासताय?”

“तपासतोय.”

“बरं.”

असं खूप दिवस चाललं. मग तो तपासताना हवापाण्याचं बोलायला लागला, जे लिफ्टच्या आत राहून कळणं अवघड होतं. पुढे अंगात कणकण असली तरी तो लिफ्ट तपासायला यायचा. आणि मागच्या खेपेला म्हणाला, “हॅलो, मी अडकलोय.”

“तपासताय ना?”

“नाही. लिफ्ट ठीक आहे. मीच अडकलोय. माझ्याशी लग्न कराल का?”

बेबी म्हणाली, “विचारून सांगते.”

“कुणाला?”

तेवढ्यात वॉर्डाचा दिवा लागला आणि तिनं तो घेतला.

*

आज दुपारी बोर्डावर दिव्यांची जत्रा भरली होती. कुठल्या तरी वॉर्डात दोन सारख्या आडनावांचे पेशंट होते आणि दोघांचे नातेवाईक चुकीच्या माणसाची विचारपूस करून समाधानी होत होते. त्यातच एक दिवा लागला.

“बेबी? मी आई. तुझ्या बाबांना विचार, सकाळच्या गोष्टीवर त्यांचं काय म्हणणं आहे.”

“आई, बाबा कुठे आहेत?”

“बाहेरच्या खोलीत.”

“आणि तू?”

“स्वयंपाकघरात. कुकर लावलाय.”

मोबाइल आल्यापासून हे सुरू झालं होतं. पूर्वी निरोप संध्याकाळपर्यंत साठून राहायचे. आता भिंतीच्या एका बाजूचा निरोप शहर ओलांडून हॉस्पिटलात यायचा आणि तिथून भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जायचा. बेबीनं आईला थांबायला सांगितलं आणि बाबांचा नंबर लावला.

“बाबा, आई विचारतेय, तुमचं काय म्हणणं आहे.”

“तुझ्या आईला सांग, आधी तिचं काय म्हणणं आहे ते सांग म्हणावं.”

तिकडे ऑपरेशन थिएटरचा दिवा पेटला. बेबीनं तो जोडला. बाबांना लाइनवर धरून ठेवून परत आईकडे आली. “आई, बाबा म्हणतात, तू आधी सांग.”

“त्यांना सांग, नेहमी मीच आधी. माणूस बरा असेल तर जाऊ दे म्हणावं पोरीला. पण मग आपलं कसं, ते विचार.”

बेबीचा हात कळेवर थांबला. ‘आपलं कसं.’ हा निरोप कुठले काटे काढून पुढे द्यायचा, तिला कळेना. एवढ्यात वॉर्डाचा दिवा, औषधांच्या दुकानाचा दिवा, रुग्णवाहिकेचा दिवा. हात त्यांच्या सवयीनं चालले. ही लाइन तिकडे, ती इकडे, हिला धरून ठेव, त्याला सोड, ही दोन जोड, बाजूला हो. इतक्या वर्षांत बोटांना डोक्याला विचारायची गरज उरली नव्हती.

वॉर्ड शांत झाला. रुग्णवाहिका निघून गेली. बेबीनं बोर्डाकडे पाहिलं. आईची लाइन आणि बाबांची लाइन तिनं एकमेकांना जोडून दिली होती.

दोन दिवे शेजारी शेजारी जळत होते.

तिनं हेडफोन घट्ट धरला. सोडवावं का? सोडवलं तर दोघांना कळेल की जोडलं होतं. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी तिच्या आत उड्या मारत होतं. दुसरीपासून जे ऐकायचं राहिलं होतं ते एका कळेच्या अंतरावर होतं. मोठ्या बाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहून चहा गाळत होत्या. बेबीनं, नोकरीत पहिल्यांदाच, ऐकायची कळ खाली केली.

काहीच नाही. फक्त दोन श्वास. दोघंही फोन ठेवत नव्हती, दोघंही बोलत नव्हती. मग कुकरची शिट्टी झाली. एका कानात मोठी, आईच्या फोनमधून. दुसऱ्यात तीच शिट्टी लांबून, भिंतीपलीकडून, बाबांच्या फोनमधून आलेली. एकाच घरातली एकच शिट्टी बेबीला दोन्हीकडून ऐकू आली.

“शिट्टी झाली,” बाबा म्हणाले.

“ऐकली,” आई म्हणाली.

परत शांतता. आणि मग आई म्हणाली,

“अहो...”

बेबीनं कळ वर केली. इतकी पटकन, की बोटाला चटका बसल्यासारखं वाटलं. तो शब्द तिनं आईच्या तोंडून लहानपणी ऐकला असणार. तिला आठवत नव्हता. तो तिच्यासाठी नव्हता, एवढं मात्र अगदी स्पष्ट कळलं.

“काय गं, पांढरी का पडलीस?” मोठ्या बाईंनी कप पुढे केला. “कोण गेलं?”

“कुणी नाही. दोघंही आहेत.”

दिवे जळत राहिले. चहा संपला तरी जळत होते. मोठ्या बाईंनी बोर्डावर बोट ठेवलं. “या दोन बाहेरच्या लाइन केव्हाच्या अडल्यात. कोण आहेत?”

“घरगुती आहे,” बेबी म्हणाली. “बऱ्याच दिवसांचं साठलंय.”

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दिव्यांकडे, आणि बोट काढून घेतलं. त्यानंतर कुणी बाहेरची लाइन मागितली की त्या स्वतःच सांगायला लागल्या, “लाइन व्यस्त आहे, जरा वेळानं करा.” नियमांत हे कुठेच बसत नव्हतं.

संध्याकाळ होत आली तेव्हा लिफ्टचा दिवा लागला.

“हॅलो, मी अडकलोय.”

“माहितीय.”

“विचारलंत का?”

“ज्यांना विचारायचं ते दोघं एकमेकांशी बोलतायत. लाइन मिळत नाहीये.”

“मग?”

मग कुणाकडे वळून बोलावं म्हणून बेबीनं सवयीनं डावीकडे पाहिलं. डावीकडे भिंत होती. उजवीकडे मोठ्या बाई होत्या आणि त्या मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या.

“मग मीच सांगते,” ती म्हणाली. “हो.”

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाला, “आता एक सांगू? लिफ्ट खरंच बंद पडलीय. कुणाला तरी पाठवा.”

*

घरी पोचायला तिला उशीर झाला. मजल्यावर आली, पिशवीतून किल्ली काढली आणि थबकली. दाराआड आवाज होते. दोन. एकात दुसरा मिसळत होता, मध्येच एक चढत होता, दुसरा त्याला अडवत होता. शब्द कळत नव्हते. ‘कपाट’ असं एकदा ऐकू आल्यासारखं वाटलं, पण खात्री नव्हती. मग कुणीतरी हसलं. कोण, तेही ओळखता येईना. त्या दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याच्या बोलण्यावर हसताना तिनं ऐकलं नव्हतं.

कान दाराला लावायचा, एवढंच बाकी होतं.

तो न लावता बेबी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. पिशवी मांडीवर ठेवली. वरच्या मजल्यावरच्या काकू उतरता उतरता थांबल्या. “किल्ली विसरलीस का गं?”

“नाही. घरात फोन चालू आहे,” बेबी म्हणाली. काकूंना ते पटलं.

पाय दुखायला लागले तेव्हा ती उठली. किल्ल्या गरजेपेक्षा जास्त खळखळवल्या, कुलपाशी झटापट केली, दोनदा खोकली आणि दार उघडलं.

आत शांतता होती. बाबा टेबलाशी पेपर वाचत होते. शर्ट सुलटा होता. आई ताटं मांडत होती. कुकरातला भात जरा करपल्याचा वास येत होता. मधली खुर्ची बाहेर ओढून ठेवलेली होती, तिच्यासाठी.

बेबी हात धुऊन येऊन बसली. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे पाहिलं. मग दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“बेबी,” आई म्हणाली, “तुझ्या बाबांना सांग, ताट वाढलंय.”

बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, पण ताटाला हात लावला नाही. ते थांबले. आईनंही डाव हातात धरून ठेवला.

बेबी डावीकडे वळली.

“बाबा,” ती म्हणाली, “आई म्हणते, दमला असाल, जेवून घ्या.”

आणि तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ती दोघं, जणू काही कुणीच काही ऐकलेलं नाही अशी, कान देऊन बसली.