कापड कुठलं?

कटिंगच्या टेबलावर मास्तरीणबाईचा हात फिरला की कापड निमूट पसरतं, असं कारखान्यातल्या बायका म्हणायच्या. त्यात थोडी थट्टा होती आणि बरंचसं खरं होतं. एकावर एक रचलेल्या थरांतून ती जॅकेटची बाही अशी कापून काढायची की वरची आणि तळाची जुळ्या बहिणींसारखी निघावी. बाईमाणूस कटिंग मास्तर झाली तेव्हा पुरुषांनी नाकं मुरडली होती. पुढे तेच अडलं की तिला हाक मारू लागले.

तिला या कामाला लावलं ते दादानं. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. रस्त्यापलीकडच्या गिरणीत तो मागावर लागला, आणि बहीण हाताशी आल्यावर तिला या कारखान्याच्या दारात आणून उभं केलं. "चिमे, मी विणतो, तू काप," असं म्हणून हसला होता. पण तसं कधी झालं नाही. गिरणीत निघायचं जाडंभरडं सुती कापड, चादरीचं नाहीतर पडद्याचं. कारखान्यात शिवली जायची वाऱ्यापावसाची जॅकेटं, आणि त्यांचं पातळ, सुळसुळीत कापड बोटीनं परदेशातून यायचं. रस्ता एकच, पण भावाचं कापड बहिणीच्या टेबलावर काही आलं नाही.

तरी दोघांचं बरं चाललं होतं. जॅकेटं ज्या देशात विकली जायची त्या देशाशी करार होता: माल इथला असेल तर तिकडच्या बंदरात जकात नाही. आता माल इथला म्हणजे काय? तर इथे शिवला की इथला. कापड कुणी का विणलेलं असेना.

गिरणीवाल्यांच्या पोटात दुखायचं ते इथेच. निम्मे माग फडकी पांघरून बसलेले, आणि समोरच्या कारखान्यात परदेशी कापडाचे तागे उतरतायत, हे रोज डोळ्यांनी बघायचं. कराराची मुदत संपत आली, नव्यानं बोलणी सुरू झाली, तशी कामगारांनी मोर्चा काढला. पुढे दादा. घोषणाही त्याचीच: "सूत आमचं, कापड आमचं, तरच कपडा आमचा!" मास्तरीणबाई त्याच्या शेजारून चालली. कारखान्यातल्या एकीनं तिला हटकलंसुद्धा, "अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?"

"भावाचा माग चालला तर माझं काय वाईट होणारे?" ती म्हणाली.

मोर्च्यामुळे म्हणा, की वरच्यांनी आधीच ठरवलं होतं म्हणून म्हणा, नियम बदलला. जिथे शिवलं तिथला माल, हे गेलं. जिथे विणलं तिथला माल, हे आलं. गिरणीच्या फाटकात लोकांनी दादाला खांद्यावर घेतलं. त्या संध्याकाळी त्याच्या घरी, वहिनीनं वाढलेलं जेवताना तो इतका बोलला की ताटातलं गार झालं तरी त्याला भान नव्हतं.

कारखान्यात मात्र निर्यातीचे कागद सांभाळणारा कारकून तोंड पाडून कटिंगच्या खोलीत आला. त्याला सगळे कागदोबा म्हणायचे. गडी एरवी विनोदी. त्या दिवशी त्यानं टेबलावरचं कापड चिमटीत धरलं आणि म्हणाला, "बाई, हे आता परकं झालं. यातून तुम्ही काहीही कापा, जॅकेट इथलं होणार नाही. तिकडे जकात बसली की आपला माल कुणी हुंगायचंही नाही."

"मग कापड इथलं घ्या की. समोरच तर गिरणी आहे."

"घेतो की. असलं कापड विणून दाखवा म्हणावं."

मालकांनी गिरणीत विचारलं आणि गिरणीच्या मॅनेजरनं छाती पुढे काढून हो म्हटलं. काम दादाकडे आलं. त्या दिवसांत मास्तरीणबाईनं भावाला जसं पाहिलं तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. जेवायच्या सुट्टीत तो रस्ता ओलांडून यायचा, तिच्या टेबलावरचा परदेशी तुकडा उजेडाला धरायचा, उलटा करायचा, काठ कुरतडून बघायचा. माग जाड सुताच्या सवयीचा. त्याला हा केसासारखा धागा झेपेना. दादानं माग सावकाश चालवला, वजनं बदलली, धोट्याला मेण लावलं. शेवटी एक तागा निघाला. तो त्यानं दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. स्वतःच्या खांद्यावर घेऊन आला.

"पसर, चिमे."

तिनं पसरला. मालक, कागदोबा, शिलाईच्या दोघी, सगळे भोवती उभे. हात फिरवताक्षणी तिला कळलं. कापड एका काठाला घट्ट होतं, दुसऱ्या काठाला सैल. मधे मधे गाठी. तरी तिनं बाही कापली, शिवायला दिली. शिवणीवर चुण्या आल्या. मग तिनं तुकडा नळाखाली धरला, तर पाणी तळहातावर उतरलं.

"चालेल का, बाई?" मालकांनी विचारलं.

दादा तिच्याकडे बघत होता. लहानपणी तिला खोकला झाला की असाच बघायचा.

हो म्हणावं, तर जॅकेटं भिजणार आणि सगळा माल परत येणार. नाही म्हणावं, तर समोर भाऊ. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"नाही चालणार," ती म्हणाली.

दादानं कापडाची घडी घातली. नीट घातली, काठाला काठ लावून. मग ती काखेत मारून निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून जेवायच्या सुट्टीत रस्ता ओलांडणं बंद.

आणि थोड्याच दिवसांत गिरणीतून तागे यायला लागले. ढिगानं. काठावर गिरणीचा निळा शिक्का. बायकांना हायसं वाटलं. "जमलं की हो तुमच्या दादाला!" म्हणून एकीनं तिची पाठ थोपटली. मास्तरीणबाईनं पहिला तागा उलगडला, हात फिरवला आणि हात तसाच राहिला. हे तेच कापड होतं. बोटीनं येणारं. फक्त बंदरातून आता आधी समोर जात होतं, आणि तिथून शिक्का मारून इकडे.

सुट्टीच्या दिवशी ती त्याच्या घरी गेली. दादा मागच्या अंगणात साबणानं बोटं घासत बसला होता.

"दादा, ते कापड तुमच्या गिरणीतलं नाही."

"काठावर शिक्का आहे ना?"

"शिक्काही पाहिला आणि कापडही."

"मग तुझं म्हणणं तरी काय?" त्यानं मान वर केली नाही. "खरं आणलं, तर नको म्हणालीस. खोटं आणलं, तरी नको म्हणतेस. लोकांनी खायचं काय?"

"शिक्का कोण मारतं?"

तो बोटं घासत राहिला. नखांच्या कडेची निळी शाई निघत नव्हती. "मॅनेजर म्हणाला, मोर्च्यात पुढे तूच होतास ना? आता मागे कसा सरतोस? नियम तू मागितलास, मग निभावायचाही तूच." मग अगदी हळू म्हणाला, "चिमे, आयुष्यात मी दुसऱ्याचं विणलेलं माझं म्हणून कधी दिलं नव्हतं गं."

तिनं काय करायला हवं होतं? ती घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन तेच कापड कापू लागली. कारखान्यातल्या सगळ्याच बायका घर चालवणाऱ्या होत्या.

पण पाप झाकलं तरी बोंबलतं म्हणतात. ज्या गिरणीनं जन्मात चादरीपलीकडे काही विणलं नाही, तिथून एवढं पातळ कापड निघतं कसं, हा प्रश्न तिकडच्या जकात खात्याला पडला. त्यांची तपासनीस आली. पांढऱ्या केसांची, मऊ बोलणारी बाई, सोबत इथला एक अधिकारी दुभाष्या म्हणून. कापड जुळवून बघायला मास्तरीणबाईला कापलेली बाही घेऊन गिरणीत बोलावलं. इतकी वर्षं समोर राहून माग चालतात त्या खोलीत तिनं पाऊल टाकलं ते त्या दिवशी.

"हेच कापड तुम्ही कापता?"

"हो." ते खोटं नव्हतं.

"फार सुरेख आहे," तपासनीस बाई म्हणाली. "कुणी विणलं?"

मॅनेजरनं दादाच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकललं. "हा आमचा सगळ्यात जुना विणकर."

"थोडं विणून दाखवाल?"

आवाजात खोच नव्हती. तिला खरंच बघायचं होतं.

दादा मागाशी गेला. त्यानं माग सुरू केला. चार बोटं कापड निघालं असेल नसेल, धागा तुटला. त्यानं गाठ मारली, पुन्हा सुरू केला. पुन्हा तुटला. आता उभे धागेही जायला लागले, एकेक नाही, झुबक्यानं. त्याची बोटं भराभर गाठी मारत होती, एकही गाठ चुकत नव्हती. मास्तरीणबाईला वाटलं, या माणसाइतकं सफाईनं इथे कुणाला काही करता येत नाही, आणि तरी हे होणार नाही. बाकीचे विणकर माना खाली घालून उभे होते. मॅनेजर मोबाईलमध्ये बघत होता.

"पुरे," तपासनीस बाई म्हणाली. दुभाष्यानं सांगितलं, "पुरे, काका."

"लागेल. आत्ता लागेल," दादा म्हणाला आणि वाकलेलाच राहिला.

मास्तरीणबाई पुढे झाली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शर्ट घामानं चिंब होता. "दादा, बस कर."

"थांब जरा. लागतंय."

शेवटी तपासनीस बाईनंच वीज बंद करायला सांगितली.

पुढचं भराभर झालं. समुद्रात असलेला सगळा माल तिकडच्या बंदरात अडकला. मालकांनी मशिनं उचलून दुसऱ्या देशात नेली, जिथे तसलं कापड कारखान्याच्या शेजारीच विणतात. मॅनेजरनं लिहून दिलं की शिक्के एका कामगारानं परस्पर मारले. शाई दादाच्याच नखांत होती, मॅनेजरच्या नव्हे. तुरुंग टळला, नोकरी गेली. बदनाम गिरणीचं सूत आणि चादरीही कुणी घेईना, तेव्हा तीही बंद पडली. मग ज्यांनी खांद्यावर घेतलं होतं तेच म्हणू लागले, "यानं आमच्या पोटावर पाय दिला." वहिनीला दुकानात कुणी पुढे येऊ देत नसे.

एकदाच दादानं तिला विचारलं. खिडकीशी बसला होता. "तू तेव्हा हो म्हणाली असतीस तर गं?"

"तरी बंदच पडलं असतं, दादा. जॅकेटं गळली असती."

"हो," तो म्हणाला. "पण कापड माझं असतं."

त्यानंतर तो तिच्याशी बोललाच नाही.

मास्तरीणबाईला गावाबाहेरच्या गोदामात काम मिळालं. परदेशातून शिवून आलेले कपडे खोक्यांतून काढायचे, हँगरला लावायचे. कात्री लागते ती फक्त खोक्याची दोरी कापायला. सुट्टीच्या दिवशी ती भावाकडे जाते. परवाही गेली. वहिनी दार अर्धंच उघडून उभी राहिली.

"झोपलेत, वन्सं."

आतून त्याचं खोकणं ऐकू येत होतं, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज. दोघींनी तो ऐकला. वहिनीनं नजर खाली वळवली.

"झोपू दे," मास्तरीणबाई म्हणाली. आणलेली पिशवी तिनं वहिनीच्या हातात दिली, थोडा वेळ तशीच उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आणि मग निघाली.