गार विजेचा चटका

खडी फोडायच्या बंद शेडसमोर सकाळपासून रांग लागली होती आणि रांगेतला जो तो कपड्यांना हात पुसत होता. आत उंच पाठीच्या खुर्चीवर गारबाबा बसला होता. त्याच्या पुढ्यात पांढऱ्या कापडात गुंडाळलेली बॅटरी आणि बॅटरीपुढे जमिनीवर एक पत्रा होता. भक्ताने अनवाणी पत्र्यावर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि बॅटरीची दोन टोकं दोन हातांनी घट्ट धरायची. वीज चावली नाही की माणूस निष्पाप. मग तो असा छाती काढून बाहेर पडायचा, की जणू त्याने आयुष्यात कुणाची काडीसुद्धा उचलली नव्हती.

हसण्याआधी एवढं समजून घ्यायला हवं, की त्या खाणीच्या वस्तीत वीज म्हणजे जनरेटरची वीज. तारा उघड्या, बटणं तुटकी. म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत प्रत्येकाला तिने कधी ना कधी झटका दिला होता. वीज म्हटली की ती चावणारच, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. तिथे न चावणारी वीज घेऊन कुणी आला, तर लोक पाया पडतील नाहीतर काय करतील?

“जनरेटरची वीज लांडगा आहे, माझी वीज गाय आहे,” बाबा डोळे अर्धवट मिटून सांगायचा. “बारा व्होल्ट. बारा महिने, बारा राशी. गार वीज. चोवीस म्हणजे ताप, अठ्ठेचाळीस म्हणजे साक्षात आग.” राशींचा बॅटरीशी काय संबंध, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

विचारलं होतं ते फक्त शाळेच्या बाईंनी. विज्ञान शिकवणाऱ्या या बाई वस्तीच्या जुन्या मुकादमाची सून. नवरा ट्रकवर, त्यामुळे घरात सासरा, सासू आणि त्या. सासूबाईंच्या फुप्फुसांत उभ्या जन्माची दगडाची धूळ बसलेली. ऑक्सिजनच्या यंत्राची नळी नाकाला असली तरच त्यांना धड झोप लागायची. खाण बंद पडली होती आणि आता जनरेटरही जाणार होता. म्हणून साऱ्या वस्तीने मिळून सौर वीज आणायची ठरवली होती. अडचण एकच होती. घरं खाणीच्या खड्ड्यात, कड्याच्या सावलीत. ऊन मिळायचं ते वर माथ्यावर, म्हणजे पॅनल वर आणि घरं लांब खाली.

बाईंचं म्हणणं होतं की एवढ्या लांबून वीज आणायची तर अठ्ठेचाळीस व्होल्टच हवेत. बाबाने आपल्या गार बॅटऱ्या आणि बोटाएवढीही जाड नसलेली तार विकायला पुढे केली. त्यावर बाईंनी भर सभेत शांतपणे विचारलं, “या तारेवर माझ्या सासूबाईंचं यंत्र चालेल का?” बाबा नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई रांगेत उभ्या राहिल्या. त्या पत्र्यावर चढल्या, बाबाच्या चेल्याने पत्र्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं, त्यांनी टोकं धरली आणि किंचाळून मागे कोसळल्या. बाबा खाली वाकूनही न बघता म्हणाला, “श्वास उगाच कोंडत नाही, माई. जुनं पाप छातीत बसतं.”

त्या दिवसापासून सासूबाईंनी नळी लावायचं सोडलं. यंत्र सुरू करून बाई जवळ गेल्या की त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या. पाप्याला कशाला उसना श्वास, एवढंच त्या धापा टाकत म्हणायच्या. त्यांचे ओठ निळसर दिसू लागले. ज्या बाईने उभं आयुष्य खडीच्या पाट्या वाहिल्या, तिला खुर्चीवर बसून खाणाऱ्या त्या ऐतखाऊने पापी ठरवलं होतं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सासरे मान खाली घालून बसले होते. त्यांना स्वतःला वीज चावली नव्हती, आणि त्याचा थोडा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर अजून शिल्लक होता. तो पाहून बाईंना जास्तच चीड आली.

“अण्णा, तुमच्या वेळी चेल्याने पत्र्यावर पाणी शिंपडलं होतं?” त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी आठवून पाहिलं. शिंपडलं नव्हतं. ते पाणी फक्त संशयितांसाठी असतं, त्याने पाप वर येतं, असं चेला सांगायचा. मग तर सासरेही जरा विचारात पडले. आजवर कुणाकुणासाठी पाणी शिंपडलं, ते त्यांनी बोटांवर आठवलं. बाबाकडे बॅटरीची पावती मागणारा दुकानदार. बाबाच्या तारेला हसलेला वायरमन. आणि बाबाला प्रश्न विचारणाऱ्या सुनेची सासू.

दुसऱ्या दिवशी सौर विजेचा शेवटचा निर्णय व्हायचा होता. वस्ती शेडमध्ये जमली. बाई आल्या त्या टेम्पोवाल्याला घेऊन, आणि टेम्पोवाल्याच्या खांद्यावर त्याच्या टेम्पोची बॅटरी होती, तेलकट आणि मळकट. ती त्यांनी जमिनीवर ठेवली, पदराला हात कोरडे केले आणि दोन्ही टोकं मुठीत धरली. मग टेम्पोवाल्याने धरली. मग दुकानदार पुढे आला, ज्याला बाबाने पापी ठरवलं होतं. त्यालाही काही झालं नाही.

“ही पण बारा व्होल्टचीच,” बाई म्हणाल्या. “कोरड्या कातडीतून एवढ्या दाबाने झटका बसण्याइतकी वीज जातच नाही. धरणारा साधू असो की दरोडेखोर.”

“माझी कृपा इथवर पोचली,” बाबा म्हणाला.

“पोचली असेल. मग आता तुमच्या बॅटरीवर बघू.” बाईंनी तांब्या उचलला आणि पत्र्यावर पाणी ओतलं. “तुमचा हा चेला सगळ्यात निष्पाप. त्याने इथे उभं राहून टोकं धरावी. तुम्ही मात्र खुर्चीवरून उठा. तिथे मी बसते.”

बाबा उठेना. चेला पत्र्याकडे बघत दोन पावलं मागे सरला. बाईंनी पुन्हा सांगितलं, तेव्हा तो रडवेल्या आवाजात म्हणाला, “नको बाई, ओल्यावर नको.”

मग जुने मुकादम, म्हणजे बाईंचे सासरे, पुढे झाले. त्यांनी बाबाला दंडाला धरून उठवलं आणि खुर्चीखालचा गालिचा ओढला. खाली दाराच्या घंटीला असतं तसं एक बटण होतं, नेमकं बाबाच्या उजव्या टाचेच्या जागी. तिथून निघालेली तार खुर्चीमागच्या पेटीत जात होती. पेटीत छोटा इन्व्हर्टर होता, गार बॅटरीची वीज लांडगा करून सोडणारा. त्याची एक तार बॅटरीच्या टोकाला, दुसरी पत्र्याच्या पोटाला. पाय ओले, टोकं हातात आणि वर बाबाची टाच. एवढाच त्या पापाचा हिशेब होता.

सासऱ्यांनी त्याचा दंड सोडला नव्हता. “आजारी बाईला तू झटका दिलास,” ते म्हणाले. “मरून गेली असती ती.” बाबा काहीतरी परीक्षेबद्दल पुटपुटला, पण त्याचा आवाज त्याच्यापुरताच राहिला. वस्तीने त्याला मारलं नाही, हे बाईंमुळे. त्याला पोलीस येईपर्यंत त्याच्याच ओल्या पत्र्यावर बसवून ठेवलं. तार सोडवलेली होती, तरी तो सारखा पाय वर घेत होता.

लोक आता माना डोलवत होते, आम्हाला आधीपासूनच शंका होती म्हणून. बाईंना या माना ओळखीच्या होत्या. बाबासमोरही त्या अशाच डोलल्या होत्या.

“माझ्यावरही विश्वास ठेवू नका,” त्या म्हणाल्या. “बघा आणि मग ठरवा. बारा व्होल्ट वाईट नाहीत. माथ्यावरच्या राखणदाराच्या खोलीत दोन दिवे लावायचे, तर बारा पुरे. पण इथे यंत्र आहे, पंखे आहेत, पाण्याचा पंप आहे. आधी हे मोजायचं, की काय काय चालवायचं आणि किती वेळ. मग ढगाळ दिवस धरून बॅटऱ्या किती ते ठरवायचं. व्होल्ट त्यानंतर. तेवढंच काम बारावर करायचं तर तारेतून अठ्ठेचाळीसच्या चौपट प्रवाह न्यावा लागतो. बारीक तारेतून तो नेला की तार तापते, वीज वाटेतच खपते आणि खाली यंत्र बंद पडतं. रात्री यंत्र बंद पडलं तर काय, ते मी सांगायला नको.”

टेम्पोवाल्याने वायरमनला बोलावलं. बाबाची बारीक तार माथ्यापासून खालपर्यंत अंथरून त्यांनी बाबाच्याच बॅटरीवर टेम्पोचे चार दिवे शेजारी-शेजारी जोडून लावले. ते पेंगुळल्यासारखे लाल झाले. मग तसल्याच चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून अठ्ठेचाळीस केले आणि तेच चार दिवे एकापुढे एक लावले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बाराच आले. तार तीच, पण चारही दिवे लख्ख पेटले. त्यावर कुणी भाषण दिलं नाही. अठ्ठेचाळीस व्होल्ट आणि जाड तार, असं वस्तीने तिथल्या तिथे ठरवलं.

घरी सासूबाई अंथरुणावर बसूनच होत्या. बाई टेम्पोची बॅटरी घेऊन आत आल्या आणि ती त्यांच्यापुढे ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाईंना ते पटायला वेळ लागला. मग त्यांनी घाबरत एक बोट लावलं, मग दुसऱ्या हाताचं, आणि शेवटी दोन्ही टोकं मुठीत धरून बराच वेळ तशाच बसल्या.

“काहीच नाही गं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. “मेल्याने मला स्वतःच्याच श्वासाची लाज वाटायला लावली.”

बाईंनी नळी पुढे केली. या वेळी सासूबाईंनी ती स्वतःच्या हाताने नाकाला लावली. यंत्र घरघरू लागलं. थोडा दम आल्यावर त्यांनी बॅटरीकडे बोट दाखवून विचारलं, “आणि ती तुझी अठ्ठेचाळीसची? ती पण धरून बघायची का?”

“नाही आई. तिला हात लावायचा नाही. दाब जास्त आहे, ओल्या हाताला ती झटका देईल. मलाही देईल, अण्णांनाही देईल.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या आणि उशीला टेकल्या. “विचारून कळतंय, तर धरून कशाला बघायचं?”