ताटलीतल्या चामखिळी

बेलवलीच्या चिंचेखाली पितळी ताटलीत वाळलेल्या चामखिळी मांडल्या होत्या आणि लोक रांगेने त्यांना हात जोडत होते. एका बाईने तर वर हळदकुंकूही वाहिलं. मी रांगेबाहेर उभा राहून पाहत होतो.

"माता मळ खाते, देहाचं सोनं करते," धर्मराज महाराज डोळे मिटून घोळवून म्हणत होते. मानेला भस्म फासायचं, पुटपुटत बोटं फिरवायची, की थोड्या दिवसांत चामखीळ गळून पडे. ती भक्ताने ताटलीत आणून टाकायची. चामखिळीसाठी देवाला गूळ वाहायची इकडची जुनी रीत. महाराज तोच गूळ प्रसाद म्हणून परत देत आणि रोज उपाशीपोटी खायला सांगत.

आमच्या घरमालकीण सगुणाबाई भक्तांत पहिल्या. त्यांची मान काळवंडलेली, तिच्यावर चामखिळींचे घोस. त्या झडू लागल्या तशा बाई हरखल्या. पण पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती, आता तिला वास येत होता.

"डॉक्टरांना दाखवा," मी म्हटलं.

"महाराज बोल्ले, अंगातली घान खाली उतरतंय. सगली भायेर परली का पाय बरा."

मला त्या माणसाची किळस आली. मी बाजारपेठेतल्या डॉक्टर पद्मजाबाईंना थेट चिंचेखाली घेऊन गेलो. त्यांनी सगुणाबाईंच्या मानेवरची अर्धवट सुकलेली चामखीळ भिंगाखाली पाहिली आणि तिच्या देठाला आवळलेला काळा, ताठ केस चिमट्याने सोडवला.

"तो देवीचा केस आहे," महाराज गरजले.

"घोड्याच्या शेपटीचा आहे. आवळला की रक्त पोचणं थांबतं, चामखीळ सुकून गळते. तुमचा चेला चंदर टांगा हाकतो ना? देवीला रोज स्टेशनवर जुंपतो वाटतं."

हशा पिकला. चंदर मागच्या मागे सटकला. पद्मजाबाई मात्र हसल्या नाहीत.

"सगुणाबाई, तहान फार लागते?"

"लय. न्हानीत मुंग्या पन लागतान. महाराज बोल्ले, माता गोड झाली."

दवाखान्यात त्यांनी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं विटकरी झालं. मधुमेह होता.

"चामखीळ कुणालाही येते, तिचं भय नको," पद्मजाबाई मला म्हणाल्या. "पण मान अशी काळी पडून घोस आले, तर साखर तपासावी. शरीर ओरडून सांगत होतं. या माणसाने त्याचं तोंड बांधलं आणि वर गूळ चारला."

अंगठा कापावा लागला. पाय वाचला.

महाराज आता ताटली घेऊन उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात बसतो म्हणे. त्या रांगेत तुमचं कोणी असेल तर हात धरून बाहेर काढा आणि आधी लघवी तपासून घ्या. चामखीळ गळली म्हणजे आजार गेला, असं होत नाही.

परवा सगुणाबाईंच्या मानेवर नवी चामखीळ दिसली. काढायची का, असं मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या. "त्या बिचाऱ्या चामखिली खरा सांगत व्हत्या. मीच त्यांना महाराजाकरं नेल्या."