ओल्या धानाची घाई

मित्रांनो, सिहोऱ्याजवळच्या एका राईस मिलच्या मागच्या शेडमध्ये गंजत पडलेला हलर म्हणजे मीच. धानाचं टरफल काढून तांदूळ मोकळा करणं हे माझं काम. १९७४ साली मला बसवलं, तेव्हा मालक भैय्यालालजींनी नारळ फोडला, माझ्या लोखंडी अंगाला हळदकुंकू लावलं. मोटारीवरून माझ्या चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याला चांगली भक्कम जाळी होती. ते कौतुक आठवलं की आज माझा संताप होतो.

काही वर्षांनी नागपूरच्या कॉलेजातले यादोराव संशोधनाला आले. गावोगावच्या बैलगाड्या, उकड्या तांदळासाठी धान उकळण्याची टाकी, ते वाळवायचं पटांगण आणि मी, या साऱ्यांचा मेळ कसा बसतो हा त्यांचा विषय. हंगामभर ते धान पसरणाऱ्या मालनबाई आणि पुष्पाबाईंजवळ बसून पाहत राहिले. मी हळू चालतो ही मालकांची तक्रार. यादोराव शेवटी म्हणाले, "मालक, हलर हळू नाही. सगळ्या गाड्या एकाच दिवशी येतात, पटांगण पुरत नाही, म्हणून ओलंच धान यात पडतं. गावांना वार ठरवून द्या, मालही वाढेल. बपेऱ्याचा एक, सिहोऱ्याचा दुसरा."

मालकांनी मान डोलावली. ऐकलं मात्र एवढंच, की माल वाढू शकतो! वार ठरवले नाहीत, उलट गाड्या आणखी बोलावल्या. ओलं धान माझ्या घशात अडकू लागलं. दर वेळी मला थांबवायचं, जाळी उघडायची, कोंडा काढायचा. वैतागून मालकांनी जाळीच काढून फेकली.

"चालू मशीनीतच काढा कोंडा!"

मी खडखडून खडखडून थकलो. यंत्राची खडखड कोण ऐकतो? एका दुपारी मालनबाई कोंडा काढायला वाकली आणि तिचा पदर पट्ट्यात गेला, पदरामागे उजवा हात. पुष्पाबाईनं धावत जाऊन बटण बंद केलं, पण उशीर झाला होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तो हात कोपरापासून काढावा लागला.

आणि मालक काय म्हणाले? "बाईचं ध्यान नव्हतं. अन् ही घाई त्या कॉलेजवाल्यानंच शिकवली."

ते ऐकून यादोराव तडक मिलमध्ये आले. अपघात विषयाबाहेरचा आहे, प्रबंधात नको, असं त्यांच्या सरांनी बजावलं होतं. तरी ते सगळ्यांसमोर कडाडले, "घाई मी नाही, तुम्ही केली. हात तुमच्या हुकमानं गेला. प्रबंधातही हेच लिहिणार."

"तुमी पाहुणे. मिल माही हाय," मालक गुरकावले.

पुष्पाबाईनं टोपली खाली आदळली. "त मंग तुमीच काढा कोंडा! जाळी लागल्याबिगर आमी धानाले हात नाही लावत."

साऱ्या बाया फाटकाबाहेर जाऊन बसल्या. टाकीतलं धान आंबलं, गाड्या रस्त्यावर खोळंबल्या. वास गावात पोचला तेव्हा कुठे जाळी लागली, वारही ठरले.

मालनबाई बरी होऊन आली. मालक म्हणाले, "तुले बसून करायचं काम देतो."

"काम त करीन मी. पहिले साऱ्यायसमोर म्हना, चूक माही नव्हती."

मालक काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं म्हना जी."

मान खाली घालून त्यांना ते मोठ्यानं म्हणावं लागलं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल द्या, पुसा, जपा. पण आम्हाला थांबवायला कधी कचरू नका. त्या दुपारी मला शंभरदा थांबवलं असतं, तरी माझं काय बिघडणार होतं?