दुसरं टोक

शिंप्याचं हृदय मधूनच थांबायचं. डोळ्यांपुढे अंधारी यायची, तोल जायचा आणि शुद्धीवर आला की तो शेजारच्या खुर्चीला शिव्या घालायचा. डॉक्टरांनी पेसमेकर बसवायला सांगितलं होतं. "आयुष्यभर मशीन पायाखाली ठेवलं, आता छातीत घेऊ?" असं म्हणून त्याने विषय उडवून लावला. खरं म्हणजे तो भ्यायला होता, आणि तसं कबूल करण्यापेक्षा मरण सोपं, असं त्याचं मत होतं.

त्याची मुलगी प्रयोगशाळेत पतंग पाळायची. ज्या कसरीने बापाचे लोकरीचे कोट खाल्ले, तिच्याच जातभाईंना पोसून पगार घेणं त्याला घरभेदीपणाचं वाटे. तरी तिने बोलावलं म्हणून गेला. तिने एका पतंगाच्या पाठीवरची भुकटी बारीक ब्रशने झाडली आणि त्याचं हृदय बघायला बापाला भिंगापाशी बसवलं.

"पाठीत हृदय? मग छातीत काय, किल्ल्या ठेवतो?"

"तिथे पंखांचे स्नायू असतात. नीट बघा."

एक बारीक नळी शेपटीकडून डोक्याकडे लहरत होती. मग थांबली. शिंप्याने श्वास रोखला. नळी पुन्हा हलली, पण या खेपेला डोक्याकडून शेपटीकडे.

"उलटी शिवण!" तो ओरडला. "थांबलं आणि आपलं आपण सुरू झालं. ना डॉक्टर, ना वायर! मग मलाच कशाला?"

मुलीने कपाळावर हात मारला. पेसमेकर पटवून द्यायला गेली आणि झालं भलतंच.

"बाबा, ठोका तुमच्या हृदयातही आपला आपणच सुरू होतो. पण याच्या नळीला दोन्ही टोकांकडून सुरुवात करता येते. तुमच्याकडे मुख्य जागा एकच, तीच थकलीय. शिवाय याच्या अंगावर भोकं असतात, हवा थेट आत जाते. हृदय थोडं थांबलं तरी याचं अडत नाही. तुमचं थांबलं की मेंदू उपाशी."

"माझ्या मेंदूला उपासाची सवय आहे. तुझी आई सांगायचीच," असं म्हणत तो पुन्हा भिंगावर वाकला. नळी परत थांबली होती.

त्यानंतर त्याला दिसलं ते छत. तो फरशीवर पडला होता, मनगट मुलीच्या हातात होतं आणि ती हमसून हमसून रडत होती. लहानपणी बोटात सुई घुसली तेव्हाही ही पोर रडली नव्हती.

"पतंगाचं सुरू झालं का?" त्याने विचारलं.

"केव्हाच झालं. मी तुमची वाट बघत होते. फार भीती वाटली, बाबा."

"मलाही वाटते गं," त्याच्या तोंडून निघून गेलं. मग सावरून म्हणाला, "ती वायर लावतात कुठे?"

"तुमच्या हृदयाच्या खालच्या टोकाला लावणार आहेत."

"म्हणजे मलाही दुसरं टोक? खालून वर?"

"रक्त नेहमीच्याच वाटेने जाईल. ठोका मात्र खालून सुरू होईल."

शिंप्याने भिंगाखालच्या पतंगाकडे पाहिलं. जन्मभर कसर मारली आणि शेवटी तिच्याच खानदानाची रीत अंगाला लावून घ्यायची वेळ आली.

"बसवू या," तो म्हणाला. "पण टाके मी तपासणार. वाकडे निघाले तर उसवायला लावीन."

मुलगी डोळे पुसत हसली. मनगट मात्र तिने हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडलं नाही.