उजव्या टोकाचा मान

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणतात. मी घेते. नत्थुजी. ज्यांनी घ्यायला हवं होतं त्यांची दातखीळ बसली, मग मी काय करणार?

अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भावाबरोबर लुटारूही आले. चांदूर बाजाराहून अमरावतीला निघालेल्या कापसाच्या बैलबंड्या ते वाटेत नाल्यावर अडवायचे. तेव्हा कापूस विकत घेणाऱ्या गोऱ्या साहेबानं आमच्या गावातले दहा-बारा धट्टेकट्टे गडी निवडले, त्यांना भाले आणि ढाली दिल्या आणि खळ्यावर कवायत सुरू केली. साहेबाची हिंदुस्थानी मोडकीतोडकी. गाडीवानांचा मुखिया कुर्बान ती आम्हाला समजावून सांगायचा. म्हणे फार जुन्या काळी यूनानचे शिपाई असे लढत. यूनानी म्हटलं की आम्हाला हकिमाची पुडी आठवते, पण ऐकलं.

चालताना भाला खाली, कमरेशी. रांग भिडली की तोच खांद्यावर उचलायचा, मूठ उलटी, अंगठा मागच्या टोकाकडे, आणि ढालींच्या वरून भोसकायचं. खालून रेटला तर मागचा दांडा आपल्याच माणसाच्या पोटात. ढाल डाव्या हातात. अर्धी आपल्यापुढे, अर्धी डावीकडच्या गड्यापुढे.

"आपली उजवी बाजू शेजाऱ्याच्या भरोशावर," कुर्बान म्हणाला. "अन् उजव्या टोकाची जागा साऱ्यात मानाची."

मान हा शब्द ऐकला मात्र, पाटलांचा खुशालराव पुढे झाला. त्या टोकाला साहेबानं नत्थुजींना उभं केलं होतं, उंच आणि पाय रोवून उभा राहणारा माणूस म्हणून. खुशालरावानं त्यांना दंडाला धरून बाजूला सारलं.

"पोळ्याले पयला बैल आमचा, होळीची पयली पूजा आमची. हे टोकही आमचंच!"

नत्थुजी मुकाट एक जागा डावीकडे सरकले. खळ्याच्या कडेला बघत उभी होते, मीही मनात म्हटलं, घे बाबा, तुझ्या बापजाद्यांचा मान.

दुसऱ्या दिवशी बांबू घेऊन लुटुपुटूची लढाई झाली. कुणाचा तरी बांबू खुशालरावाच्या उजव्या बरगडीत बसला. तो कळवळून ओरडला, "माह्या या बाजूले ढाल कोनाची?"

कुर्बाननं साहेबाला विचारलं. साहेब हसला. कुणाचीच नाही, म्हणाला. म्हणून तर तिथं सगळ्यांत धीराचा माणूस उभा करतात.

लगेच खुशालराव नत्थुजींच्या जागेवर येऊन उभा! "नत्थू, सारा मान आमीच खावा का? आता तू घे." लाज कशाशी खातात हे माहीत नसलेली माणसं असतात, पण इतकी?

घरी मी भडकले. "कायले गेले तुमी तिथं? तो मरणाले भेला, अन् तुमी मान समजून बसले?"

"मले समजते सारं," नत्थुजी म्हणाले. "पन टोक उघडं सोडता येते का? कोनी तरी उभं राहाले पायजे."

मग बंड्या अमरावतीला निघाल्या, आणि सूर्य कलताना नाल्यावर लुटारू आलेच. काय घडलं ते कुर्बाननं मला सांगितलं. पुढच्या बंडीवर तोच होता. समोर भाल्यांची रांग पाहून लुटारू थबकले, मग त्यांतले दोघे वळसा घालून उजवीकडून आले. नत्थुजींनी ढाल स्वतःकडे ओढली असती तर वाचले असते. पण त्या अर्ध्या ढालीआड खुशालरावाची उजवी बरगडी होती. त्यांनी ढाल हलवली नाही. तलवारीचा घाव उजव्या दंडावर बसला. रांग मोडली नाही, कापूस अमरावतीला पोचला. नत्थुजींचा हात मात्र कायमचा लुळा पडला.

पुढे अमरावतीच्या कापूस बाजारात सत्कार ठरला. साहेब काही नाल्यावर नव्हता. त्यानं तबकात जरीचा फेटा ठेवला आणि विचारलं, उजव्या टोकाला कोण होता?

खुशालराव उठला! "ते टोक आमच्या घराण्याचंच," म्हणत त्यानं डोकं पुढे केलं. रांगेतले बाकीचे गडी जमिनीकडे बघत राहिले. पाटलाशी वैर कोण घेणार? नत्थुजी लुळा हात मांडीवर सावरत बसून राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बायकांतून उठले.

"खुशालराव, अंगरखा काढा. उजवी बाजू दाखवा साहेबाले. घाव कुठं हाय?"

साहेबानं कुर्बानकडे पाहिलं. कुर्बाननं माझा शब्दन् शब्द सांगितला, एकही गाळला नाही. खुशालरावाचा हात अंगरख्याच्या बंदाकडे गेला आणि तिथंच राहिला.

तबक नत्थुजींपुढे आलं. फेटा बांधायला दोन हात लागतात. मी पुढे झाले, तसं मागून कुणी तरी पुटपुटलं, बाईनं भर बाजारात पुरुषाचा फेटा बांधायचा म्हणजे काय! खोटं चाललं होतं तेव्हा यांच्या तोंडाला कुलूप, आणि आता बरी वाचा फुटली! मी फेटा उचलला आणि बांधला. आयुष्यात पहिल्यांदाच बांधत होते, वाकडा बसला.

नत्थुजींनी डाव्या हातानं चाचपून पाहिला. "उजवीकून जरा सैल हाय," ते म्हणाले. "घट्ट कर."